पूर्व म्हणजे कोणाच्या पूर्वेला?

(भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्याची ओळख करून देताना पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : 'महाराष्ट्राच्या पूर्व भागातील हा जिल्हा'. हे वाक्य खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. राज्याचा नकाशा भिंतीवर टांगला, उत्तर वर धरली, की भंडारा उजव्या हाताच्या कोपऱ्यात सापडतो. परंतु ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री जो भंडारेकर झोपी गेला तो मध्य प्रदेशात झोपला होता. राज्याचे नाव 'मध्य', राजधानी साठेक किलोमीटरवरचे नागपूर. १ नोव्हेंबरच्या सकाळी तो जागा झाला तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याच्या पूर्व टोकाला होता, आणि राजधानी अरबी समुद्राच्या काठी गेली होती. वैनगंगा जागची हलली नव्हती. तुमसरच्या टेकड्या आणि पवनीचा जुना कोट जिथल्या तिथेच होते. तरीही जिल्हा एका रात्रीत मध्यातून निघून काठावर आला. जमीन न हलता दिशा बदलते, याचा अर्थ दिशेचा शब्द केवळ जमिनीविषयी बोलत नाही, तो बोलणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेविषयीही बोलत असतो. ही जागा कोणती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो शब्दांचा खेळ नव्हे. पाणी, पैसा आणि नोकऱ्या यांची वाटणी ज्या कागदांवर होते त्या कागदांचे रकाने दिशांच्या नावांनी आखलेले असतात.

प्रथम शब्द पाहावेत. चारही मुख्य दिशांची आपल्या भाषेतील नावे माणसाच्या शरीरावरून आलेली आहेत. पहाटे उगवत्या सूर्याकडे तोंड करून एक माणूस उभा आहे असे धरले की सर्व उलगडते. जे समोर, पुढे, आधी ते पूर्व. जे पाठीमागे, पश्चात, ते पश्चिम. दक्षिण या शब्दाचा एक अर्थच उजवा हात असा आहे. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरणे म्हणजे प्रदक्षिणा. उत्तर म्हणजे वरचा, पलीकडचा, नंतरचा. म्हणजे या शब्दांच्या मुळाशी नकाशा नाही, राजधानीही नाही; तिथे एक उभा माणूस आहे, आणि तो जिथे उभा असेल तेच केंद्र. शेतकऱ्याचे 'उगवती' आणि 'मावळती' हे शब्द तर त्याहूनही उघड आहेत. सूर्य मुंबईच्या माणसाला जसा उगवतो तसा लाखांदूरच्या माणसालाही उगवतो, किंबहुना लाखांदूरला तो अर्ध्या तासाने आधीच उगवतो.

मधल्या चार दिशांना मात्र देवतांची नावे मिळाली. ईशान्य ईशानाची, आग्नेय अग्नीची, नैर्ऋत्य निर्ऋतीची, वायव्य वायूची. त्यातील 'आग्नेय'ला आधुनिक काळात काय झाले ते भंडारा रोड स्टेशनच्या फलाटावर गेल्यास कळते. त्याकडे पुढे येऊ.

'पूर्व' या शब्दाला आणखी एक अंग आहे आणि ते या जिल्ह्याला विशेष लागू पडते. हा शब्द स्थळाबरोबर काळही सांगतो. पूर्वी, पूर्वज, पूर्वार्ध, पूर्ववत. जे समोर आहे आणि जे होऊन गेले आहे, दोन्हींसाठी एकच शब्द. त्यामुळे 'पूर्वेकडचा' म्हणताना ऐकणाऱ्याच्या मनात नकळत 'पूर्वीचा', म्हणजे मागे राहिलेला, असा अर्थ झिरपतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे उफराटे आहे, कारण मागे राहिलेला तो पश्चिम. पण शब्दांचे बळ व्युत्पत्तीत नसते, सवयीत असते. पूर्वेविषयीच्या पूर्वग्रहाला मराठीत शब्दही आयता सापडावा, हा योगायोग जरा बोचणारा आहे.

आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो. येथे पूर्वपक्ष असा : दिशा ही भौतिक वस्तुस्थिती आहे, होकायंत्राला राजकारण नसते, तेव्हा पूर्वेला पूर्व म्हटल्याने कोणाचे काय बिघडते? आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. 'पूर्वेकडे तोंड कर' हे वाक्य कोठेही उभे राहून म्हटले तरी त्याचा अर्थ तोच राहतो. तेथे दिशा खरोखरच निसर्गाची आहे. 'साकोली भंडाऱ्याच्या पूर्वेला आहे' या वाक्यात दोन स्थळे आली, पण ती दोन्ही उच्चारली आहेत, म्हणून ते कोणालाही तपासता येते. 'पूर्व भाग', 'पूर्वेचा जिल्हा', 'पूर्व विभाग' असे म्हटले की घोटाळा सुरू होतो. येथे दुसरे स्थळ गाळलेले असते. कशाच्या पूर्वेला, हे सांगितलेले नसते आणि ऐकणाराही विचारीत नाही. गाळलेले स्थळ जणू सगळ्यांना मान्य आहे असे गृहीत धरले जाते. सत्ता जिथे बसते ते स्थळ नेहमी असेच गाळलेले असते, कारण त्याचे नाव घेण्याची गरज कोणाला वाटत नाही.

भंडाऱ्याच्या इतिहासात ही गाळलेली स्थळे एकामागून एक बदललेली दिसतात. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा इ.स. १११४ चा शिलालेख छत्तीसगडमधील रतनपूर येथे सापडला. त्याला वार्षिक खंडणी देणाऱ्या मुलखांच्या यादीत लांजिका आणि वैरागर यांच्याबरोबर 'भाणार' असे नाव येते आणि अभ्यासक ते भंडारा समजतात. रतनपूरच्या राजवाड्यातून पाहिले तर हा प्रदेश मावळतीला. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी भंडारा 'पश्चिमेचा' होता, आणि तेव्हाही तो देणाऱ्यांच्याच यादीत होता.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि नागपूर हे केंद्र ठरले. नागपुराहून भंडारा, साकोली, देवरी करीत रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा 'ग्रेट ईस्टर्न रोड' असे भारदस्त नाव मिळाले. नागपुरात उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने ते नाव बरोबरच होते. गंमत अशी की रायपूर आणि भिलाई येथे त्या रस्त्याला आजही 'जी. ई. रोड' म्हणतात. त्या रस्त्याने नागपूरकडे निघालेला रायपूरचा माणूस मावळतीकडे चाललेला असतो, आणि रस्ता मात्र 'पूर्वेचा'. नाव देणारा निघून गेला, राज्य गेले, राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांकही ६ चा ५३ झाला, तरी त्याच्या उभे राहण्याची जागा नावात शिल्लक राहिली.

रेल्वेची कथा याहून बोलकी आहे. बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली. तिच्या नावात दिशा नव्हती, दोन टोके होती, आणि ते प्रामाणिक नाव होते. १९४४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९५२ साली ती पूर्व रेल्वेत विलीन झाली. १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी निघाली, मुख्यालय कलकत्त्यास. २००३ पासून नागपूर विभाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे, मुख्यालय बिलासपूर. आता वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर उभ्या असलेल्या प्रवाशाने काय समजावे? कलकत्त्याहून पाहिले तर भंडारा पश्चिमेला. बिलासपूरहून पाहिले तरी पश्चिमेला. मुंबईहून पूर्वेला. मग हे 'दक्षिण पूर्व' कोठून मोजले? उत्तर उघड आहे : दिल्लीहून. रेल्वेचा हिशेब दिल्लीत ठरतो आणि मधली दिशा सांगायला मराठीत 'आग्नेय' हा शब्द असतानाही फलकावर 'दक्षिण पूर्व' येते. त्याला पुन्हा 'मध्य' जोडल्यावर एका स्टेशनाच्या वाट्याला तीन दिशा आल्या. प्रवाशाला मात्र त्यांतली एकही उपयोगी पडत नाही. भंडारा गावात जायला रिक्षा किंवा बस शोधावीच लागते. बिलासपूरपासून रतनपूर फार दूर नाही. नऊशे वर्षांनी भंडाऱ्याचा निदान रेल्वेचा कारभार पुन्हा त्याच परिसरात जाऊन पोहोचला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखे आहे.

जागतिक राजकारणातही हेच घडते हे वाचकांना ठाऊक आहे. अरब देश आपल्या पश्चिमेला आहेत. तरी मराठी वृत्तपत्रे वर्षानुवर्षे त्यांना 'मध्यपूर्व' म्हणत आली, कारण शब्द लंडनहून तारेने येत असे. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्याने 'पश्चिम आशिया' हा शब्द स्वीकारला, म्हणजे उभे राहण्याची जागा बदलली. एवढा विचार दिल्लीने लंडनच्या बाबतीत केला. मुंबईने आपल्या बाबतीत तो कितपत केला?

महाराष्ट्रात 'पश्चिम महाराष्ट्र' या शब्दाइतका रुळलेला दुसरा दिशावाचक शब्द नाही. नकाशा पाहिला तर राज्याचा सर्वांत पश्चिमेचा पट्टा म्हणजे कोकण. परंतु 'पश्चिम महाराष्ट्र' म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांसमोर रत्नागिरी येत नाही. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर येतात. सोलापूर तर कर्नाटकाच्या आणि मराठवाड्याच्या सीमेवर, सह्याद्रीपासून कितीतरी दूर. म्हणजे हा शब्द भूगोलाचा नाहीच. तो धरणे, साखर कारखाने, सहकारी बँका, शिक्षणसंस्था आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाचा शब्द आहे. एका आर्थिक रचनेला दिशेचे नाव मिळाले की ती रचना निसर्गानेच निर्माण केली असा भास होतो. सातारचा ऊस आणि साकोलीचे धान यांतील अंतर जणू रेखांशाचे आहे, भांडवलाचे आणि पाण्याचे नाही, असे वाटू लागते.

आणि या पश्चिमेला जोड म्हणून 'पूर्व महाराष्ट्र' हा शब्द मात्र बोलीत नाही. विदर्भाला विदर्भ म्हणतात, मराठवाड्याला मराठवाडा. अहवालांतून तिसरा शब्द येतो : 'उर्वरित महाराष्ट्र'. दोन भागांना नावे, आणि उरलेल्याला, ज्यात राजधानी आहे, निव्वळ 'उर्वरित'. जे केंद्र आहे त्याला स्वतःचे नाव लागत नाही, हा वर सांगितलेला नियम येथेही लागू पडतो.

'पूर्व महाराष्ट्र' हा शब्द गंभीरपणे, राज्याचे नाव म्हणून वापरणारा एक मोठा माणूस मात्र होऊन गेला, आणि त्याचा या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली. तेव्हा हा मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेवर बाबासाहेबांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. या जिल्ह्यातील समाजवादी कार्यकर्ता त्या विजयाची आठवण अभिमानाने काढतो आणि त्याच निवडणुकीतील पराभवाचा उल्लेख टाळतो. दोन्ही एकाच मतपेट्यांतून निघाले होते, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर, १९५५ साली, बाबासाहेबांचे भाषिक राज्यांविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी मुलखाचे एकच राज्य करू नये, मुंबई शहराखेरीज पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी राज्ये असावीत, असे त्यांनी सुचविले. पूर्व महाराष्ट्र म्हणजे विदर्भ. या योजनेशी सहमत व्हावे की नाही हा वेगळा प्रश्न. समाजवाद्यांतील बहुसंख्य संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे होते आणि त्यांची कारणे क्षुल्लक नव्हती. पण त्या योजनेतील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. तेथे पूर्व, मध्य, पश्चिम ही तिन्ही नावे सारख्याच मोलाची आहेत. कोणतेही 'उर्वरित' नाही. प्रत्येकाला आपली राजधानी, म्हणून प्रत्येकाला उभे राहायला आपली जागा. दिशेचा शब्द गौणत्व न देता वापरता येतो, याचा हा नमुना आहे.

प्रत्यक्षात मार्ग दुसरा निघाला. १९५३ चा नागपूर करार, राज्य पुनर्रचना आयोगाची वेगळ्या विदर्भाची शिफारस, ती बाजूला सारून झालेले द्वैभाषिक, आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र, हा क्रम सर्वांना माहीत आहे. विभागीय असमतोलाची शास्त्रीय मोजणी प्रथम झाली ती प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९८३ साली ती नेमली गेली, १९८४ साली तिचा अहवाल आला. राज्याचा एकूण अनुशेष तिने ३,१८६ कोटी ७७ लाख रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५५ लाख, म्हणजे सुमारे ३९ टक्के. 'अनुशेष' हा रूक्ष शब्द विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचला तो या अहवालामुळे. दांडेकरांचे एक मोठे ऋण असे की त्यांनी मोजणी जिल्हावार केली. सरासरी ही चादर असते. ती कोणाचे पाय उघडे टाकते हे जिल्ह्यापर्यंत उतरल्याखेरीज दिसत नाही. दुर्दैवाने पुढच्या राजकारणात जिल्हे मागे पडले आणि तीन मोठी नावे पुढे राहिली.

आणि येथे भंडाऱ्याला दुसरा फटका बसतो. विदर्भाच्या नावाने जे बोलले जाते ते बहुतांशी विदर्भाच्या पश्चिमेविषयी असते. त्याला कारण आहे. कापसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी होते, आणि त्या जिल्ह्यांना ते मिळायलाच हवे होते. पण वृत्तपत्रांनी त्याला नाव दिले 'विदर्भ पॅकेज'. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर यांच्या वाट्याला त्यातले काही नव्हते, नाव मात्र त्यांचेही खर्ची पडले. बाहेरच्या माणसाच्या लेखी विदर्भाला मिळाले, प्रश्न संपला. धानाचा शेतकरी कर्जात बुडतो तो वेगळ्या पद्धतीने. त्याची वेदना कापसाच्या मोजपट्टीने मोजता येत नाही.

पावसाचेही असेच आहे. शाळेतील पुस्तक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे वर्णन करते : ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्री अडवतो, पूर्वेकडे पाऊस कमी कमी होत जातो. हा पाठ पुण्याच्या विद्यार्थ्याला अनुभवाशी जुळणारा वाटतो. भंडाऱ्याचा विद्यार्थी मात्र खिडकीबाहेर पाहतो तेव्हा त्याला दुसरेच दिसते. सह्याद्रीपलीकडे रोडावलेला पाऊस पूर्व विदर्भात पुन्हा वाढतो. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि या भागाला मोठा पाऊस देतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभा असलेला शेतकरी उगवतीकडे पाहतो, आणि त्याचे पाहणे शास्त्राला धरून आहे.

याच पावसाच्या भरवशावर येथे तलावांची अपूर्व रचना उभी राहिली. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले; मोठे तलाव, लहान बोड्या, एकाचे सांडवे दुसऱ्यात. या रचनेला पूर्व-पश्चिम ठाऊक नाही, तिला चढ आणि उतार ठाऊक आहे. पाणी ज्या बाजूला जाते ती तिची दिशा. मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. कागदावर आणि तोंडी त्याचे झाले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. 'माजी' म्हणजे पूर्वीचा. मालगुजार माजी झाला हे योग्यच झाले, त्यासाठी समाजवाद्यांनी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण विशेषण मालगुजाराला लावायचे ते तलावाला चिकटले. तलावच माजी ठरला, गाळ साचत गेला, आणि पूर्वेच्या या चालत्याबोलत्या जलव्यवस्थेकडे नियोजनकार पूर्वीची वस्तू म्हणून पाहू लागले.

त्यांची नजर होती मोठ्या धरणावर. पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. २००८ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. पुढे अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर भिजविण्याचे उद्दिष्ट होते. साडेतीन दशके उलटल्यावरही कालव्यांची कामे पुरी झालेली नव्हती. या धरणाचे दोन मुख्य कालवे आहेत : उजवा सुमारे ९९ किलोमीटर, डावा सुमारे २३. नदीचा डावा-उजवा काठ ठरविण्याची रीत येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. पाहणाऱ्याचा डावा हात येथे चालत नाही. पाणी ज्या दिशेने जाते तिकडे तोंड केल्यावर जो डावा तो डावा. सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आधी उत्तरेकडे वळसा घेऊन बालाघाटमार्गे दक्षिणेकडे येते, म्हणून येथे तिचा डावा काठ उगवतीचा आणि उजवा मावळतीचा. नदीला तिचे स्वतःचे डावे-उजवे देण्याइतका शहाणपणा अभियंत्यांच्या परिभाषेत आहे. तोच शहाणपणा जिल्ह्याच्या वाट्याला येत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसेखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्याने थेट बुलढाणा जिल्ह्यापर्यंत न्यावयाचे. खर्च ८८ हजार कोटींच्या वर. लाभ नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांना. योजनेचे समर्थन एका वाक्यात केले जाते : पूर्व विदर्भातील अतिरिक्त पाणी पश्चिम विदर्भातील तुटीच्या भागाला. बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळू नये असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. पाणी कोणा एका खोऱ्याची खासगी मालमत्ता नाही. परंतु 'अतिरिक्त' हा शब्द 'पूर्व' या शब्दाचाच भाऊ आहे. कशापेक्षा अतिरिक्त, हे तोही गाळतो. नदीच्या पात्रातून वर्षाकाठी किती पाणी वाहून जाते हे मोजले की वाढावा दिसतो. भंडाऱ्याच्या बांधीत उभे राहून मोजले तर सप्टेंबरच्या अखेरीस, धान लोंबीवर आलेले असताना, एका पाण्यासाठी पीक जाते हे दिसते. धरणात गावे बुडालेल्यांचे पुनर्वसन, कालव्याच्या शेपटाकडील शेते, गाळाने भरलेले मामा तलाव, यांचा हिशेब लावल्यावर जे उरेल ते अतिरिक्त. हा हिशेब आधी आणि जोडकालवा नंतर, की जोडकालवा आधी आणि हिशेब राहिला तर राहिला, यावर या जिल्ह्यातील एका पिढीचे जीवन ठरणार आहे.

एका गोष्टीची नोंद येथे केलीच पाहिजे. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी उगवतीकडे वाहते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि ते सगळे गोसेखुर्दच्या जलाशयात येते. शहराची घाण पश्चिमेकडून पूर्वेला यावयाची आणि धरणाचे पाणी पूर्वेकडून पश्चिमेला जावयाचे, ही देवघेव कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

आता थोडे आत्मपरीक्षण. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. त्या काळी भंडाऱ्याच्या कचेरीतही 'पूर्व भाग' हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ होता दूरचा, जंगलातला, जेथे बदली झाली की कर्मचारी रजा टाकतो तो भाग. सालेकशाचा आदिवासी एका दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी येई तेव्हा त्याच्या दृष्टीने भंडारा हीच मुंबई होती. मुंबईविषयी तक्रार करणारे भंडारेकर तेव्हा याविषयी फारसे बोलले नाहीत. जिल्हा वेगळा झाला आणि तो पूर्व भाग भंडाऱ्याकडून गोंदियाकडे गेला. गोंदियाच्या कचेरीतही आता एखादा 'पूर्व भाग' तयार झालेला असेल. केंद्राचा हा स्वभाव आहे, ते जिथे जाते तिथे आपला काठ बरोबर नेते. पक्षाच्या जिल्हा शाखांचेही याहून वेगळे नाही. शिबिर नेहमी जिल्ह्याच्या गावी भरते आणि आदिवासी पाड्यातील कार्यकर्ता 'दुरून आलेला' म्हणून गौरविला जातो. तो आपल्या घरापासून दूर आलेला असतो, एवढेच.

दिशेच्या शब्दाचा निर्मळ वापर पाहायचा असेल तर जमिनीचे जुने खरेदीखत उघडावे. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचा धुरा, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीरस्ता, दक्षिणेस तमक्याची बांधी. लिहिणारा शेताच्या मध्यभागी उभा राहून चारी बाजूंना पाहतो. एवढेसे दोन एकरांचे शेत, पण त्या कागदापुरते तेच जगाचे केंद्र असते आणि शेजारी, रस्ता, नाला हे सगळे त्याच्या दिशेत सांगितले जातात. पुढे भूसंपादनाची नोटीस येते, तिच्यात चतुःसीमा नसतात. गट क्रमांक, क्षेत्र आणि 'बुडीत' किंवा 'लाभ' असा शेरा. शेत तेच, पण आता ते कोणाच्या तरी प्रकल्पाच्या वरच्या अंगाला किंवा खालच्या अंगाला आहे.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात हाती घेण्याजोगे काम यातूनच निघते. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर या सातही तालुक्यांत गावनिहाय चतुःसीमा लिहाव्यात, पण जमिनीच्या नव्हे, पाण्याच्या : गावाला पाणी कोणत्या बाजूने येते, कोणत्या तलावात थांबते, कालव्याचे शेपूट कोठपर्यंत पोहोचले, सांडवा कोणाच्या बांधीत उतरतो, गाळ शेवटचा कधी काढला. शाळेतील मुलेसुद्धा हे करू शकतील. असे सातशे-आठशे कागद जमले तर नदीजोडाच्या सुनावणीत, ती झाली तर, 'अतिरिक्त' या शब्दापुढे ठेवायला काहीतरी हाती असेल. लाखांदूरकडून, डाव्या काठापासून, सुरुवात करावी. तेथला कालवा तेवीसच किलोमीटरांचा आहे आणि पायी चालून पाहता येतो.